उत्तरेश्वर विणेकऱ्याचा पहारा

आष्टी तालुक्यातल्या त्या डोंगरकडेच्या गावात उत्तरेश्वराला बसलेलं कुणी फारसं पाहिलं नव्हतं. उभं राहणं हा त्याचा पिढीजात धंदाच. आज्यानं मेंढरं वळली, बापानं वळली, त्यानंही वळली. काठी काखेत घ्यायची, एक पाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला टेकवायचा आणि सूर्य या डोंगरावरून त्या डोंगरावर जाईपर्यंत माळावर उभं राहायचं. बसलं की डुलकी लागते आणि डुलकी लागली की लांडगा येतो, असं बाप सांगायचा. बाप गेला, मेंढरं शंभराची पंचवीस झाली, पण पायांची सवय काही मोडली नाही. चावडीवर सगळे बसलेले असले तरी हा आपला खांबाला टेकून उभा.

ही सवय एकदा देवाच्या कामाला आली, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

गावात दिवाळी सरली की मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. सात दिवस वीणा वाजत राहते, देवाचं नाव चालू राहतं. वीणा एकदा गळ्यात चढली की काल्याच्या कीर्तनापर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. माणसं पहाऱ्यानं बदलतात. पुढचा येतो, वीणेला हात जोडतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते आणि आधीचा मोकळा होतो. पुढचा आलाच नाही तर उभा आहे त्यानं उभंच राहायचं. टेकवली, की सप्ताह मोडला.

तर एका वर्षी पुढचा पहारेकरी पिऊन कुठंतरी पडला आणि उत्तरेश्वर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत एकटा उभा राहिला. रात्री कीर्तनकार महाराजांनी भर कीर्तनात त्याचं नाव घेतलं. लोकांनी माना वळवल्या. उत्तरेश्वरानं हात जोडले आणि म्हणाला, "म्या कोन? उभा त्यो ऱ्हातो."

लोकांना हे बोलणं फार आवडलं. खरं सांगायचं तर उत्तरेश्वरालाच सगळ्यात जास्त आवडलं. तेव्हापासून तो विणेकरी बुवा झाला, आणि हे वाक्य त्याच्या तोंडात मिसरीसारखं बसलं. कुणी म्हणावं, बुवा, यंदा कापूस झकास आलाय, की याचं उत्तर तयार, म्या कोन. हे म्हणताना तो आवाज इतका खाली आणायचा की समोरच्याला "नाही, नाही, तुमचीच मेहनत" म्हणावंच लागायचं. ते म्हणून होईपर्यंत बुवा तिथून हलायचे नाहीत.

नुकसानीच्या वेळी मात्र हेच वाक्य खणखणीत यायचं. विहिरीला दगडाचं बांधकाम करायचं चार उन्हाळे राहून गेलं आणि पाचव्या पावसाळ्यात विहीर ढासळली, तेव्हा त्याची मर्जी. सुकन्येचं, एकुलत्या एका लेकीचं, स्थळ त्यानं एका दुपारीत पक्कं केलं. जावई लखन स्वभावानं चांगला निघाला, पण घर ऊसतोडीचं. दरसाल सहा महिने कर्नाटकात उसाच्या फडावर, पालात. चंद्रभागाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं की एवढी घाई कावून केली. तो म्हणाला, जुळवणारा त्यो. चंद्रभागाबाई चुलीकडे बघत म्हणाली, "त्येला म्या कुटं बघितलं न्हाई. बैठकीत तर तुमीच व्हता."

बाईचं बोलणं असंच, एका वाक्यात संपणारं. लग्नाआधी तिनंही चार हंगाम ऊस तोडला होता, पण ते ती कधी सांगायची नाही. मेंढरं, शेत, घर, सगळं तिच्या हातून व्हायचं, आणि ते कोण करतं असा प्रश्न कधी कुणाला पडला नाही, तिला तर नाहीच.

आता वीणा कशी धरायची याचेही बुवांकडे नियम होते. त्यातले अर्धे वाडवडलांचे आणि अर्धे बुवांचे. कुठले कुणाचे हे गावही विसरलं. भिंतीला टेकायचं नाही. बायांनी वीणेला हात लावायचा नाही. शेजारच्या गावात बाया सर्रास पहारा करायच्या, पण बुवा एकदा म्हणाले की आपल्यात चालत नाही, आणि त्या दिवसापासून आपल्यात चालेनासं झालं. सगळ्यात मोठा नियम असा, की विणेकऱ्यानं 'घ्या रे कुणीतरी' म्हणून मागायचं नाही. ज्यानं उभं केलंय त्यालाच सोडवायची काळजी.

या शेवटच्या नियमापायी त्याचा सख्खा भाऊ तुटला. गेल्या वर्षी धाकट्या सोमेश्वराचा पहाटेचा पहारा होता. त्याचं पोट बिघडलं. बिचाऱ्यानं बराच वेळ कळ काढली आणि शेवटी हाक मारली, कुणीतरी वीणा घ्या. उत्तरेश्वरच पुढं झाला. वीणा गळ्यात घेतली आणि काकड्याला जमलेल्या सगळ्या आयाबायांसमोर म्हणाला, "ज्याला सोताचं पोट आवरंना, त्यानं देवाचा भार घिऊ नये." लोक हसले. सोमेश्वर तसाच पोट धरून पायऱ्या उतरला. त्यानंतर तो देवळाची पायरी चढला नाही. त्याचा गोठा देवळाच्या मागच्या भिंतीला लागून, तरी दोघा भावांचं बोलणं बंद. याबद्दल विचारलं तर उत्तरेश्वर म्हणायचा, म्या कुटं बोललो, बोलवनारा त्यो.

यंदा सुकन्येला दिवस गेले. दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा सातवा लागला होता, आणि सासरी कोयत्याची बोलणी झाली होती. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत चढवायच्या. त्या दोघांतलं एक कमी झालं तर मुकादम दुसरं माणूस मागतो. चंद्रभागाबाई म्हणाली, पोटातलं घेऊन पोरगी मोळ्या उचलणार नाही, काय करायचं ते करा. मग उत्तरेश्वरानं एक गोष्ट केली आणि ती खरोखर चांगली केली. राधाकिशनच्या फाट्यावरच्या हॉटेलात मुकादम बसलेला असताना, चार लोकांसमोर तो म्हणाला, लेकीच्या जागी म्या येतो. मुकादमानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि हो म्हणाला.

गावभर झालं. पन्नाशी उलटलेला बाप लेकीसाठी फडावर निघाला. राधाकिशननं चहाचे पैसे घेतले नाहीत. बुवा म्हणाले, म्या कोन, नेनारा त्यो. गाडी काल्याच्या दुसऱ्या दिवशी यायची होती. म्हणजे जाणं अजून झालंच नव्हतं, पण जाण्याचं कौतुक मात्र बुवांनी आठ दिवस आधीच खाऊन घेतलं होतं.

काल्याच्या आदल्या दिवशी सकाळी महाराजांनी प्रवचनात कर्तेपणाचाच विषय घेतला. बैलगाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतोय, तसा माणूस मी केलं, मी केलं म्हणतो, असं ते म्हणाले. लोक हसले. मग महाराज म्हणाले, "आणि दुसरं एक कुत्रं असतं. ते म्हणतं, मी कुठं ओढतोय? आणि म्हणून झालं की कुणी ऐकलं का ते बघतं." यावर उत्तरेश्वर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला आणि त्यानं गर्दीत कीर्तनाला मिरवायला येणाऱ्या दोघा-चौघांकडे बघून घेतलं.

दुपारी वीणा त्याच्या गळ्यात आली. पंगत उठली होती. सतरंजीवर तीन म्हातारे झोपले होते, कोपऱ्यात चार बाया काल्याच्या प्रसादाचे तांदूळ निवडत होत्या. पुढचा पहारा गहिनीनाथचा, चांगला धडधाकट पोरगा. मागच्या भिंतीपलीकडून कडबा तोडल्याचा आवाज येत होता. सोमेश्वर गोठ्यात होता.

पहारा निम्मा झाला असेल-नसेल, चंद्रभागाबाई पायऱ्यांपाशी आली. दिवाळी करून सासरी परतलेल्या सुकन्येचा फोन आला होता. साखर कारखान्याचा बॉयलर लवकर पेटला म्हणून गाड्या आजच निघाल्या. लखनच्या गावी ट्रक भरतोय, तिथून सगळे आपल्या फाट्यावर येणार, इथल्या जोड्या घेणार आणि पुढं जाणार. जोडी मोडायला नको म्हणून मुकादमानं तिलाही गाडीत घेतलं होतं; आबा फाट्यावर आले तर मी उतरते, असं पोरगी म्हणाली होती.

उत्तरेश्वर घाबरला नाही. तास-दीड तास हाताशी होता आणि गहिनीनाथ येतच असणार. त्यानं बायकोला सांगितलं, तू घरी जाऊन बोचकं बांध, वीणा दिली की आलोच. आणि पुन्हा नाव घेऊ लागला.

गहिनीनाथ आला नाही. ऊन पायरीवरून खाली सरकलं. मारुतीच्या डोक्यावर लावलेलं घड्याळ टकटक करत होतं, आणि बुवांचं नाव आता त्या घड्याळाच्या चालीवर पळू लागलं. म्हाताऱ्यांतला एक कूस बदलून परत झोपला. त्याला उठवता आलं असतं. पण त्याच म्हाताऱ्याला उत्तरेश्वरानं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की हात कापतात, आता वीणेला शिवू नका. बाया तांदूळ निवडत होत्या. त्यांतली थोरली दोनदा त्याच्या तोंडाकडे बघून गेली. तिनं एका बोलावर वीणा घेतली असती. कडब्याचा आवाज येतच होता.

तेवढ्यात चंद्रभागाबाई परत आली. डोक्यावर त्याचं बोचकं होतं. घोंगडं, भाकरी, वरून कोयता खोचलेला. ती धापा टाकत नव्हती, पण चेहरा पांढरा पडला होता.

"गाडी घाटाच्या वळनाला दिसली," ती म्हणाली. "गहिनीनाथ येत न्हाई. त्योबी त्याच गाडीनं चाललाय, फाट्यावर सामान घिऊन बसलाय."

उत्तरेश्वर नाव घेत राहिला. बोटं तारेवर चालू होती.

"म्हाताऱ्याला हाक मारा."

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"भावजींना हाक मारा. हितंच हायेत."

त्यानं मान हलवली नाही, नुसती खाली घातली.

चंद्रभागाबाईनं बोचकं पायरीवर ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात पुढं केले. "मग माझ्याकडं द्या. म्या ऱ्हाते उभी."

तांदूळ निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. उत्तरेश्वरानं त्या हातांकडे बघितलं. द्यायचं एवढंच होतं. फाट्यावर पळत गेलं तर गाडी सहज सापडली असती. पण उद्या काल्याला हेच गाव बसणार होतं, याच बाया घरोघर सांगणार होत्या, की बुवांनी वीणा बायकोच्या गळ्यात घातली. तो एक पाऊल मागं सरला.

"आपल्यात न्हाई चालत," तो म्हणाला.

"मंग पोरीचं काय करू, तेवढं सांगा."

आणि उत्तरेश्वराच्या तोंडून, विचार न करता, सवयीनं निघालं, "त्यो बघंल."

चंद्रभागाबाईनं थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती नुसतं बघत होती, ढासळलेली विहीर बघावी तसं. मग तिनं बोचकं उचलून डोक्यावर ठेवलं आणि फाट्याच्या वाटेला लागली.

ती दिसेनाशी होईपर्यंत उत्तरेश्वर वाटेकडे बघत राहिला. आता त्याला कळलं की आपण अडकलोय. देवळाला दार नव्हतं, तीन बाजूंनी उघडं होतं, आणि तरी त्याला कुठूनही बाहेर पडता येत नव्हतं. तो स्वतःशी म्हणू लागला, उभा त्यो आहे, आपण कोण? मग सकाळच्या प्रवचनासारखा एक विचार आपोआप पुढं आला. उभा तो असेल, तर तू हात सोड. धरणारा तो आहे ना? मग सोड, तो धरील.

त्यानं फरशीकडे बघितलं. वीस वर्षं हजार लोकांना सांगितलेली गोष्ट खरी असेल तर हात आत्ता सुटायला हवा होता. हात सुटेना. बोटं वीणेच्या दांडीभोवती अशी आवळली होती की नखं पांढरी पडली. मग हा हात कुणाचा? आवळणारा कोण? आयाबायांत सोम्याचं हसं करणारा कोण होता, म्हाताऱ्याला शिवू नका म्हणणारा, बायकोच्या हातांपासून मागं सरणारा? या सगळ्या कड्या घालताना देव कुठंच आसपास नव्हता. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. सुकन्या त्या गाडीत, लोखंडी फाळक्याला धरून, पोटावर हात ठेवून उभी असेल आणि आबा दिसतोय का ते बघत असेल. आयुष्यात पहिल्यांदा उत्तरेश्वराला खाली बसावंसं वाटलं. तरी तो भिंतीला टेकला नाही. टेकायचं नाही हा नियमही त्याचाच.

फाट्याकडून हॉर्न वाजला. लांब, दोनदा.

"सोम्या!"

आवाज आपलाच आहे हे त्याला ओरडून झाल्यावर कळलं. म्हातारे दचकून उठले. कडब्याचा आवाज तिथंच थांबला.

"सोम्या, वीणा घे रं. मला जायाचंय."

सोमेश्वर भिंतीला वळसा घालून पळतच आला. केसांत कडब्याचा भुसा होता. नळावर पायांवर पाणी ओतलं, पायऱ्या चढला, वीणेला हात जोडले आणि थोरल्या भावाच्या पायाला हात लावला. वीणा गळ्यात घालून घेताना खालच्या आवाजात म्हणाला, "कवाधरनं वाट बघतोय, दादा. वैनी बोलल्यालं समदं ऐकलं म्या. तू हाक मारत न्हवतास."

इतकं सोपं होतं ते. उत्तरेश्वरानं उलटा नमस्कारही केला नाही. अनवाणी, धोतर वर धरून, तो फाट्याच्या वाटेनं पळत सुटला. वाटेत ठेच लागली, अंगठा फुटला. ट्रकचा आवाज आधी जवळ वाटला, मग लांब गेला, आणि तो चढावर आला तेव्हा रस्त्यावर नुसता धुरळा होता.

गाडी गेली होती. लेक गेली, असं म्हणून त्यानं कपाळावर हात मारला, आणि मग त्याला लिंबाच्या झाडाखाली सुकन्या दिसली. ती जमिनीवर बसली होती. शेजारी तिचं गाठोडं होतं. तिच्या पदराच्या टोकाला माहेरच्या घराची किल्ली बांधलेली होती, ती तिनं मुठीत धरली होती.

उत्तरेश्वरानं इकडंतिकडं बघितलं. हॉटेलासमोर दोन कुत्री होती, राधाकिशन कपबशा विसळत होता. बाकी कुणी नव्हतं.

"माय कुटं हाय?"

सुकन्येनं रस्त्याकडे बोट केलं. मग ती म्हणाली, "गाडीत. माझ्या जागी."

मुकादम म्हणाला होता, बुवा नाहीत तर पोरगी उतरत नाही. तेव्हा चंद्रभागाबाईनं बोचकं गाडीत टाकलं आणि म्हणाली, त्यांचा पहारा आहे, म्या येते. मुकादमानं विचारलं, जमेल का? तिनं हात पुढं करून दाखवले. लखन खाली मान घालून उभा होता. सासूला मोळ्या उचलायला लावायच्या म्हणजे त्याला मरणच, पण गाडी चालू होती आणि लोक ओरडत होते. सुकन्या उतरेना, तर मायनंच तिला दंडाला धरून खाली उतरवलं. सहा महिने. पन्नाशीला आलेली बाई, मेंढराचं घोंगडं आणि नवऱ्यासाठी बांधलेल्या भाकरी घेऊन.

"मला काय म्हनली?" उत्तरेश्वरानं विचारलं. काहीतरी बोलली असेल, शिवी दिली असेल, निदान त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर मारलं असेल, अशी त्याला आशा होती.

"न्हाई काई. सकाळपास्नं उपाशी हायेत म्हनली. घरी गेल्या गेल्या जेवाया घाल. दुरडीत भाकरी हायेत."

"एवढंच?"

"आन् लंगडं कोकरू आत बांधा म्हनली."

राधाकिशन चहाचा कप घेऊन आला. त्यानं सगळं डोळ्यांनी बघितलं होतं आणि त्याला बुवांचं वाईट वाटत होतं. तो जुना भजनी माणूस. बुवांचंच वाक्य त्याच्या कामाला आलं. "मनाला लावून घिऊ नगा, बुवा. तुमीच सांगता न्हवं? आपुन कोन? नेनारा त्यो."

उत्तरेश्वरानं कप घेतला नाही.

"न्हाई राधाकिशन," तो म्हणाला. "त्यानं न्हाई नेलं. म्या धाडलं."

राधाकिशनला हे कळलं नाही. तो समजुतीचं आणखी काही बोलू लागला, तेव्हा उत्तरेश्वरानं हात वर करून त्याला थांबवलं आणि परत तेच म्हणाला, या वेळी आवाज खाली न आणता आणि कुणाकडे न बघता. "म्या धाडलं तिला. म्या उभा व्हतो."

मग तो लेकीशेजारी धुरळ्यात खाली बसला. सुकन्येनं त्याच्या फुटलेल्या अंगठ्याकडे बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "चला आबा, घरी चला. मायनं जेवाया घालाया सांगितलंय."

त्यानं झाडाला धरून उठायचा प्रयत्न केला, पण पाय काही केल्या उठायला तयार होईनात.